डाव्या पिळाची दोरी

३ मार्च १९७८
आलो एकदाचे! टेकडीवर खोली, खाली जहाजांचा कारखाना, पुढे नुसता समुद्र. बायकोचे, मालसुनचे, दिवस भरत आलेत. म्हणाली, इथे भांडायला तरी कुणी आहे का? म्हटलं, मी आहे की. शाळा चौथीत सुटली माझी, अक्षर वाईट. पण वही घेतली. पोर मोठं झालं की वाचेल.

११ मार्च
मुलगी! आपल्या रिवाजाने दारावर पेंढ्याची दोरी बांधली. कोळसे आणि पाइनच्या डहाळ्या खोचल्या. आता एकवीस दिवस परकं माणूस आत येणार नाही. खरं तर मालसुनच्या आईने सांगायचं हे सगळं, पण ती गेल्या हिवाळ्यात वारली. दोरी मीच वळली. रोज जहाजाचे दोर हाताळतो, त्यात काय एवढं.

१९ मार्च
दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या होत्या. नव्या आईला एकटेपणा खातो म्हणाल्या, दोन घटका बसू दे तिच्याजवळ. मी दोरी दाखवली. बाई थबकल्या, पत्ता देऊन गेल्या. मालसुन आतून ऐकत होती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली. बाळंतिणीसाठी केलेलं समुद्री शेवाळाचं सार तसंच निवलं. केसही विंचरत नाही हल्ली.

२४ मार्च
आज हसली! म्हणाली, दुपारची सोबत मिळालीय. बरं वाटलं. कोण विचारलं तर म्हणते, तुम्ही दारातून परत पाठवता ना, म्हणून ती दारातून येतच नाही.
साराचे वाडगे दोन होते. दोन्ही रिकामे.

२७ मार्च
खालच्या घरातली आजी दोरी बघून खो खो हसली. अरे गाढवा, म्हणाली, जहाज बांधायचंय का? ही डाव्या पिळाची लागते. तू उजवा पीळ दिलास. अशी दोरी माणसांनाच अडवते, बाकीच्यांना नाही.
मग तिचं हसू थांबलं.
मालसुनला विचारलं, कोण येतं? आई, म्हणाली.

२९ मार्च
दुपारीच घरी आलो. मालसुन पाठमोरी बसलेली. केसांतून फणी फिरत होती. वर, खाली. सावकाश.
तिचे दोन्ही हात बाळाखाली होते —

३० मार्च
एकविसातला एकच दिवस उरला होता. तरी दोरी कापली. नर्सबाईंना घेऊन आलो. त्या नुसत्या धावल्या. दार आतून बंद. बाई माणसं आणायला खाली गेल्यात. मी पायरीवर. हाताला काही काम नको का, म्हणून लिहितोय —
आत दोघी हसतात. बाळाचा आवाज नाही.
ओरडलो. चुकलो गं मालसुन. येऊ दे कुणालाही, अख्ख्या गावाला —
दार बोटभर सरकलं.
आत आडवी दोरी. काळी. केसांची. मालसुनच्याच —
पीळ डावा. अगदी बरोबर.
आणि मालसुन म्हणते, किती मऊ आवाजात, परक्या माणसाने एकवीस दिवस आत