छत्तीसच्या रिळात एक्केचाळीस

२ एप्रिल १९६४, देऊळघाट

आजपासून लिहिणं भाग आहे. कारण काल मी शेजारच्या किसनरावांना त्यांच्या बेबीच्या लग्नाचे फोटो काढून देण्याचा शब्द दिला, आणि माझ्याकडे कॅमेरा नाही.

किसनराव शाळामास्तर. बुलढाण्याचा फोटोग्राफर ठरवायला निघाले होते. मी अडवलं. परका माणूस कशाला? मुलींची शाळा आयुष्यभर चालवली, एक पेटी चालवणं अवघड नाही. त्यांच्या आई गोजरबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बाई, तुमाले येते काय ते?" मनावर घेतल्यावर न येण्यासारखं काय आहे, असं मी सांगितलं.

५ एप्रिल

किसनरावांकडून फोटोंचं महत्त्व कळलं. लग्न बौद्ध पद्धतीने आहे. नवरा मुलगा गुलाबराव दुसरबीडचा. त्याचे थोरले काका पुंजाजी रुसून बसलेत. हळद नाही, मुहूर्त नाही, अंतरपाट नाही, याला लग्न म्हणायचं का? येणार नाहीत, आणि बेबीला सून म्हणणार नाहीत. किसनराव म्हणाले, "फोटो त्याहीच्या हातात देतो, बाई. पाहा म्हणा, लगन कसं लागलं ते."

जबाबदारी मोठी. योग्य माणसाकडे आली.

१० एप्रिल

खामगावला जाऊन कॅमेरा आणला. दुकानदार दयाराम म्हणाले, "बाई, डब्बा कॅमेरा घ्या. बटन दाबलं की झालं." अपमान गिळला. त्यांच्याकडे एक जुना जर्मन कॅमेरा होता. त्यात आरशामुळे लेन्समधूनच दिसतं. धूसर चेहरा दिसला की लेन्सचं कडं फिरवायचं, स्वच्छ होईपर्यंत सोडायचं नाही. माझी शिकवण्याची पद्धत हीच होती. तोच घेतला.

दयाराम रीळ भरून दाखवतो म्हणत होते. नको म्हटलं. निघताना मागून ओरडले, "फोटो झाल्यावर दांडी ओढता ना, तेव्हा डावीकडची चकती फिरते का बघत जा!" दुकानदारांना बोलायची सवय असते.

१३ एप्रिल

पुस्तक जर्मन भाषेत. चित्रं पाहिली. नागपूरला कॉलेजात भिंगांचा धडा मला पाठ होता, त्यामुळे वाचायची गरज नाही. निश्चय: रोज एक तास सराव.

१५ एप्रिल

सराव नाही. उकाडा.

१९ एप्रिल

गोजरबाईंच्या शेळीवर सराव केला. शेळी थांबत नाही. माणसं थांबतील.

२५ एप्रिल

रीळ भरलं. पुस्तकात सूर्याच्या चित्रावर फुली आहे, म्हणून दार लावून, गोधडी पांघरून, आत हात घालून भरलं. रिळाचं टोक पलीकडच्या फिरकीत अडकवायचं असतं. अडकलं असावं. घामाने हात निसटत होते. झाकण उघडून पुन्हा पाहणं म्हणजे स्वतःवर अविश्वास.

२६ एप्रिल, लग्न

या लग्नाला मुहूर्त नसतो. फोटोच्या दृष्टीने फार सोयीचं. त्रिशरण, पंचशील, मग दोघांच्या प्रतिज्ञा, मग हार. प्रत्येक वेळी मी "थांबा" म्हटलं आणि मांडव थांबला. हाराच्या वेळी फोकस लागेना. बेबी हार उंच धरून उभी. तिचे हात कापायला लागले तेव्हा गोजरबाई ओरडल्या, "वो बाई, काऊन अडवून राह्यल्या? पोरगी उभ्या उभ्या म्हातारी होऊन राह्यली!" सगळे हसले. हसू दिलं.

डावीकडची चकती दिवसभर तसूभरही हलली नाही. जर्मन काम पक्कं असतं.

रीळ छत्तीस फोटोंचं. कॅमेऱ्यावरचा आकडा छत्तीसच्या पुढे गेला, चाळीसच्याही. एक्केचाळीस निघाले. काटकसरीने वापरली की वस्तू पुरते. शेवटचा गोजरबाईंचा, त्यांच्या आयुष्यातला पहिला. पदर पुनःपुन्हा सारखा करत होत्या.

३० एप्रिल, बुलढाणा

स्टुडिओवाल्याने धुतलेलं रीळ हातात दिलं. काचेसारखं आरपार. म्हणाला, टोक फिरकीत अडकलंच नव्हतं, रीळ जागचं हललं नाही. मी म्हटलं, पुन्हा एकदा धुऊन पाहा. तो म्हणाला, "बाई, धुवून डाग जातात. फोटो येत नसतात."

उद्धट आहे.

१ मे

किसनरावांना आजच सांगायचं. सकाळी गेले तर ते परीक्षेचे पेपर तपासत होते. मास्तरांच्या कामात व्यत्यय आणणं मला पटत नाही. संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे. उद्या नक्की.

४ मे

किसनरावांनीच विचारलं. म्हटलं, लग्नसराई आहे, स्टुडिओत गर्दी. हे खोटं नाही. गर्दी होतीच.

७ मे

गोजरबाईंनी शेवयांची खीर पाठवली. निरोप: "फोटोवाल्या बाईले." पहिली वाटी घशाखाली उतरेना. दुसरी उतरली. त्याचंही वाईट वाटलं.

१० मे

भाजीला आता मागच्या गल्लीने जाते. रस्ता लांब आहे, पण चालणं प्रकृतीला चांगलं.

१४ मे

बेबी माहेरी आली आहे. मला भेटायला आली, वाळली आहे. दुसरबीडला पुंजाजी घरी आले तेव्हा तिने पाणी पुढे केलं, तर घेतलं नाही. म्हणाले, "सून आली की मग तिच्या हातचं पिऊ." भरल्या घरात. "जाऊ द्या, बाई," ती म्हणाली, "फोटो आले की बसतीन गप."

मी चहाचं आधण ठेवलं. पाणी आटून गेलं, तरी चहा टाकायचं सुचलं नाही.

१५ मे

सांगितलं. जर्मन झाकण, गोधडी, घाम, सगळी कारणं सांगितली. शेवटी रीळ पुढे केलं. किसनरावांनी ते उजेडाकडे धरलं, टोकापासून टोकापर्यंत पाहिलं आणि नीट गुंडाळून परत दिलं. ते रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

मी उपाय काढला. बेबी इथे आहे, जावयांना बोलवा, लग्नातले तेच पांढरे कपडे घाला, बुलढाण्याचा फोटोग्राफर मी आणते. शकुन-अपशकुन तुम्ही मानत नाहीच.

"शकुनाचं नाही हो," किसनराव म्हणाले. "पण तो लग्नाचा फोटो थोडीच होईन? खोटं कसं दाखवू?" मग म्हणाले, "तुमीच चला दुसरबीडले. मांडवात सगळ्याहीच्या पुढे तुमी होत्या. डोळ्यानं पाह्यलं ते सांगा. तुमच्या शब्दाले मान आहे."

लगेच हो म्हटलं. एवढं तर सहज जमेल.

१७ मे, दुसरबीड

एसटीने आलो, किसनराव, गोजरबाई, बेबी आणि मी. एसटीत मनात भाषण जुळवलं. सुरुवात उत्तम होती. पुढचं आठवेना. वाटलं, धक्क्यांमुळे.

पुंजाजींच्या ओसरीवर माणसं जमली. त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि एकच विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पोरानं चार लोकांत काय शब्द दिला, तेवढं सांगा. मग मी मानतो."

मला सांगता आलं नाही. मी त्या लग्नात होते, पण सगळा वेळ एक डोळा मिटलेला आणि दुसरा कॅमेऱ्याला लावलेला. बेबीचं नाक आठवतं, ते स्वच्छ दिसायला फार वेळ लागला. प्रतिज्ञा चालू असताना मी कड्यावरचे आकडे जुळवत होते. ओसरी माझ्या तोंडाकडे बघत होती. बेबी दाराआड उभी होती.

मी म्हटलं, "प्रकाश उत्तम होता."

तेव्हा गोजरबाई पुढे सरकल्या. "त्या काय सांगतीन, भाऊ! त्याहीनं तर लगनच अडवून धरलं होतं!" मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. गुलाबराव काय म्हणाला, बेबी काय म्हणाली, कुणाचा आवाज अडकला, कोण रडलं, सगळं शब्दाला शब्द. आणि मधे मधे मी. पुंजाजींचा पानाचा डबा डोळ्याला लावून, एक पाय पुढे टाकून, माझ्या आवाजात "थांबा!" म्हणायच्या, आणि मग "अं हं, नाक नाई दिसून राह्यलं!" ओसरी लोळायची बाकी राहिली. पुंजाजी हसता हसता ठसकले. श्वास घेता येईना. बेबी धावत पाणी घेऊन आली, ते त्यांनी घटाघटा प्यायलं. कोणी दिलं हे नंतर पाहिलं. डोळे पुसत म्हणाले, "इतकं अडवून जे लागलं, ते पक्कंच लागलं म्हणायचं. बस, सूनबाई."

माझ्या साक्षीचा उपयोग झाला, असं किसनराव परत परत सांगत होते. मी मान हलवली. जेवण गेलं नाही.

१८ मे, दुसरबीड

एसटी यायच्या आधी जावई गुलाबराव यांच्या हाती दिलं: जर्मन कॅमेरा एक, चामडी पेटीसह. जर्मन पुस्तक एक.

धुतलेलं रीळ मी वाटेत टाकणार होते. बेबीने हात पुढे केला. "ते बी द्या ना, बाई. आमच्या लग्नाचं आहे."

दिलं. रीळ एक, कोरं.