सांख्यिकीचा रुमालाखालचा सौदा

तीर्थस्वरूप शांताक्कांना,
मुरुमहून धाकट्या शरणबसप्पाचे शरणु शरणार्थी. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल, भावजींचा खोकला अजून मुक्कामालाच असेल. इकडे सगळे ठीक, फक्त मी हादरलोय. (फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मधेच रागावता. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होतं.)

आपली शिवप्रिया खो-खोत सगळ्या तालुक्याला दमवणारी, म्हणून तिला धाराशिवला व्यायामशास्त्राच्या एम.एस्सी.ला घातलं. मला वाटलं, दोन वर्षं पळायचं, जोर-बैठका काढायच्या आणि डिग्री घेऊन घरी यायचं. परवा ती विषय ठरवायला घरी आली आणि एकेक विषय ऐकून माझ्या हातातली बशी कलंडली (चहा नव्या धोतरावर). स्नायूंचं रसायन आहे, हालचालीचं यंत्रशास्त्र आहे, झोपेवरसुद्धा एक पेपर आहे (तो आमच्या दुकानातल्या गुंडप्पा मुनीमानं न शिकता सोडवला असता), पण मैदानावर पाऊल ठेवायचं कुठंच नाही. व्यायामशास्त्रात व्यायामच नाही, हे मला अजून पचलेलं नाही. त्यात सांख्यिकी, चार क्रेडिटची, सगळ्यांना सक्तीची. बारावीच्या गणितानं पोरीला किती छळलं ते तुम्ही जाणताच. रडकुंडीला येऊन म्हणाली, “आप्पा, हे घ्यावंच लागणार असंल तर मी न्हाय शिकत. शनिवारी विषय द्यायचेत, त्याच्या आत नाव काढून घेते.”

मग तिला घरीच ठेवून मी एकट्यानं धाराशिव गाठलं. जन्म अडतीत गेला. जगात घासाघीस न होणारी वस्तू असते हे मला मान्य नाही. विभागप्रमुख विरुपाक्ष सर सभ्य माणूस. त्यांना म्हटलं, सांख्यिकी कमी करा, बदल्यात झोपेचे दोन पेपर जादा लावा. ते नाही म्हणाले. तेव्हा बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, तसा खांद्यावरचा रुमाल हातावर टाकून मी हात पुढं केला. (सवय, अक्का. लाज नंतर वाटली.) सरांनी रुमालाकडं बघितलं आणि गुपचूप खाली हात घातला. त्यांचे वडील बैलांचे व्यापारी निघाले. मी एक बोट दाबलं, म्हणजे एक क्रेडिट; त्यांनी चार धरली. मी दोन, ते चारच. तिसऱ्या बोटाला मला घाम फुटला. हात तसाच धरून सर म्हणाले, “खो-खो खेळणाऱ्या पोरींचे गुडघे का जातात, त्यावर तिला संशोधन करायचंय. सांख्यिकी सोडली तर त्ये कशावर उभं ऱ्हाणार? घरी सांगितलं न्हाय का तिनं?”

नव्हतं सांगितलं. घरात कुणी विचारलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्या भरात मीच चार बोटं दाबून बसलो. रुमालाखाली दिलेला शब्द व्यापारी फिरवत नाही. सांख्यिकी ठरली, पुरी चार क्रेडिटची, तीही पहिल्याच सत्रात.

तुमचा,
शरणबसप्पा

ता.क. – तुम्ही उमरग्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलंत. चार महिने तिच्यासोबत धाराशिवला जाऊन राहा. पोर गणिताला घाबरते, पण तुम्हाला त्याहून जास्त. तिची डिग्री सुटता कामा नये, अक्का.

ता.ता.क. – तिला अजून काही सांगितलेलं नाही. मी सांख्यिकी काढून आलो असं समजून तिनं शिरा केला आणि मला दोनदा वाढला. मी खाल्लाही. तर शुक्रवारी दुपारच्या एस.टी.नं मुरुमला या आणि तुम्हीच सांगा. मी सकाळीच लातूरला जातोय.