खाडीपलीकडे बस उभी आहे

१६ नोव्हेंबर, दुपार
पोचलो. कॅरिबियन समुद्र! आमच्या नागपूरच्या नंदनवन वस्तीतून इथवर कोणी आलं नसावं. प्रशिक म्हणत होता, बाबा, मी सुट्टी काढतो, कारनं नेतो. साफ नाही म्हटलं. कोस्टा रिकात मुलाच्या फ्लॅटवर टीव्ही पाहायला आलो नाही. पाठीवर बॅग, सोबत बायको माया, याला बॅकपॅकिंग म्हणतात. चार-पाच दिवस समुद्र, २२ला विमान, मग थेट धंतोलीच्या दवाखान्यात लेकीजवळ, मेघाजवळ. तिला ३० तारीख दिलीय. पहिलटकरणीची तारीख पुढेच सरकते, हा माझा अनुभव. माया म्हणते, अनुभव माझा.
पाऊस आहे. उद्या उघडणार.

१७ नोव्हेंबर
पाऊस. पण मुंग्या बाहेर पडल्यात, म्हणजे उघडणारच.
घरमालकीण युलालीबाई सत्तरीच्या. त्या त्यांच्या भाषेत बोलतात, माया नागपुरीत. दिवसभर दोघींचं हसणं चालू. मी मोबाइलवर स्पॅनिश शिकून आलो, माझ्याशी कोणी बोलत नाही.

१८ नोव्हेंबर
इथल्या मुंग्यांना काही कळत नाही. रस्ता वाहून गेला. बस खाडीच्या पलीकडे उभी राहते, लोक बोटीनं जातात. माया म्हणाली, चला, आपणही जाऊ. मी बोट पाहून आलो. इंजिनाचा आवाज खर्र खर्र. उभा जन्म कूलरच्या मोटरी बांधल्या, आपल्याला आवाजावरून कळतं. रस्ता दोन दिवसांत होईल. घाई नको.

१९ नोव्हेंबर
मेघाचा फोन. पाय सुजलेत, डॉक्टर म्हणतात लवकर ॲडमिट करू. आई, कधी येतेस? फोन ठेवून माया बॅग भरायला लागली. मग म्हणाली, "लेकीचं पहिलं बाळंतपण, अन् माय इथं समुद्र पाहून राहिली. मले हे जमत नाही."
मी शांतपणे इंजिनाचा विषय काढला. ती म्हणाली, "तुमाले पान्याचं भेव वाटते. सरळ सांगा ना."
काहीही! चाळीस वर्षं कूलरच्या टाकीत हात घालून काढली.

२० नोव्हेंबर
मायानं युलालीबाईंना माझा धंदा सांगितला. हातानं पंखा फिरवला, वरून पाणी ओतल्यासारखं केलं, मग माझ्याकडे बोट. तासाभरात बोटवाला विन्स्टन अख्खं इंजिन खांद्यावर घेऊन व्हरांड्यात हजर! आजारी मोटर समोर पडलेली आपल्याला बघवत नाही. प्लग काढला, काजळी घासली, कचरा साफ केला. बोटीवर चढवून विन्स्टननं दोरी ओढली, पहिल्याच झटक्यात चालू. अर्धं गाव टाळ्या वाजवत होतं. युलालीबाईंनी नारळाच्या दुधातला भात वाढला. मान ताठ झाली.

संध्याकाळ
इंजिन ठणठणीत आहे. हे काही बरं झालं नाही.

२१ नोव्हेंबर
माया पहाटेच बॅग पाठीला लावून धक्क्यावर. आज अमावस्या आहे, असं म्हणून पाहिलं. तिनं कपाळावर हात मारला. "दीक्षा घेतलेल्या घरात अमोशा कव्हापासून आली हो?"
एक पाय बोटीत ठेवला. बोट हलली. पाय परत घेतला. वजनाचा विचार केला, दुसरं काही नाही. तू हो पुढं, मी रस्त्यानं येतो, म्हटलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "छत्री ठेवा," म्हणाली, "अन् जेवत जा टायमावर."
बोट जाताना दिसली नाही. डोळे मिटले होते. पावसाचं पाणी जात होतं.

२३ नोव्हेंबर
प्रशिकचा फोन: आई काल विमानात बसली. तुमचं तिकीट बुडालं, बाबा.
रस्ता झाला नाही. पाऊस. खोलीत कोणीच हसत नाही. बॅगेच्या कप्प्यात मायानं भिवापुरी तिखटाची पुडी ठेवलेली सापडली. भातावर घेतली. डोळ्यांना पाणी आलं. भिवापुरी आहेच तशी.

२५ नोव्हेंबर
मुलगी झाली! तारीख पुढे सरकली नाही. माया सकाळी पोचली, संध्याकाळी बाळ. व्हिडिओत मायाचा अंगठा आणि बाळाचा अर्धा कान दिसला. कान आमच्याकडचा आहे. मेघा म्हणाली, "बाबा, आई म्हणे तुमी रस्त्याचं काम पाहून राहिले?"
हो म्हटलं. मायानं सांभाळून घेतलं होतं. जेवण गेलं नाही.

२६ नोव्हेंबर
ऊन. रस्ता तसाच. युलालीबाईंनी नातवाला शाळेत न्यावं तसं हात धरून मला बोटीत बसवलं. डोळे मिटले. इंजिनाचा आवाज मात्र सुंदर.
मधोमध बोट अडली. संपलं, म्हटलं. नातीचा अर्धाच कान पाहिला. डोळे उघडले तर विन्स्टन खाली उतरून बोट ढकलत होता. पाणी त्याच्या गुडघ्याएवढं. भर पावसात किती असतं, विचारलं. त्यानं कमरेला हात लावला. मग मलाच खुणावलं, उतरा.
पँट दुमडून उतरलो. बोट ढकलत होतो तेवढ्यात मायाचा फोन. "बसले का हो बोटीत?"
बसलो, म्हटलं.