नवलूरच्या सभेतील एका मताची व्यवस्था

मी, वेणूबाई कोम दत्तात्रेय मुळगुंद, वय एकसष्ट, धंदा पूर्वी मुलींच्या महाविद्यालयाची प्राचार्या व हल्ली काळजी, राहणार माळमड्डी, धारवाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मनाने लिहून ठेवते. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगायला पुष्कळ जण आले होते, त्यांना चहा देऊन परत पाठवले.

सोमवारी पोटातील गाठ काढण्यासाठी मला मिरजेला नेणार आहेत. डॉक्टर गुरुराज कट्टी म्हणतात की भिण्याचे कारण नाही, पण हे सांगताना ते खिडकीबाहेर पाहत होते. माझे चित्त ठिकाणावर आहे ना, असे मी त्यांनाच विचारून घेतले. ते म्हणाले, "मन स्वस्थ नाही, बुद्धी शाबूत आहे. कायद्याला बुद्धी पुरते." तेव्हा त्या शाबूत बुद्धीने पुढीलप्रमाणे व्यवस्था करते.

कलम १. माझी लुगडी, शाली व स्वयंपाकाची भांडी वसतिगृहातील मुलींनी वाटून घ्यावीत. भांडू नये. भांडल्याच तर रुक्मिणीबाई स्वयंपाकीण सांगतील तसे करावे, त्यांच्यापुढे कोणाचे चालत नाही.

कलम २. धाकटे बंधू वादिराज यांस तांब्याचे घंगाळ, ओसरीवरची आरामखुर्ची आणि भिंतीवरचे मोठे घड्याळ देते. घड्याळ सध्या घरात नाही. विद्याविलास महाविद्यालयाने परीक्षेपुरते म्हणून नेले, त्याला आता बरीच वर्षे झाली. वादिराजने ते स्वतः जाऊन आणावे. मी आणायला गेले की ते लोक म्हणतात, "बाई, आता आपण सगळे एकच ना?" एकच असू तर घड्याळ माझ्या भिंतीवर का चालत नाही, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

कलम ३. आता घराबद्दल. माळमड्डीतील हे घर मी माझ्या पगारातून बांधले. यजमान वारले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पुण्यास राहून शिकले, तिथे नोकरी करून पैसे साठवले, परत येऊन याच घराच्या पुढच्या खोलीत मुलींचा वर्ग काढला आणि त्याचे पुढे याच इमारतीत स्त्रीप्रबोध महाविद्यालय झाले. घरावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. पण या घराबरोबर सभेतली एक खुर्ची जाते. माझी सगळी झोप त्या खुर्चीने घालवली आहे, म्हणून तिची हकीकत लिहिणे भाग आहे.

सन १९३० साली धारवाडचे विद्याविलास, हुबळीचे व्यापारोत्तेजक आणि माझे स्त्रीप्रबोध अशी तीन महाविद्यालये एकत्र करून संयुक्त विद्यापीठ काढले. एकत्र होणे कागदावर एका दिवसात झाले. त्यानंतर कार्यकारी मंडळाची पहिली सभा कुठे भरवावी यावर वर्ष गेले. धारवाडकर हुबळीस जाईनात, म्हणत त्या बाजारात कोण बसणार. हुबळीकर धारवाडला येईनात, म्हणत तिथे चहासुद्धा वेळेवर मिळत नाही. शेवटी मध्ये पडते म्हणून नवलूर ठरले. तेव्हापासून आमच्या विद्यापीठाची प्रत्येक सभा नवलूरच्या मारुतीच्या देवळात भरते. दोन्हीकडचे सभासद रेल्वेने येतात, गावचे पेरू खातात आणि एकमेकांविरुद्ध मत देऊन आपापल्या गाडीने परत जातात.

मंडळात धारवाडचे चार, हुबळीचे चार. नववी जागा आमची. करारपत्रात लिहिले आहे की स्त्रीप्रबोधच्या इमारतीचे जे मालक असतील ते मंडळाचे सभासद राहतील, व ही जागा मालकीबरोबर जाईल. हा मसुदा बाळाचार्य गुत्तल वकिलांचा. ओसरीवर आरामखुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलणारा वादिराज हाच मालक, असे त्यांनी व मंडळींनी गृहीत धरले होते. विचारले कोणीच नाही. पहिल्या सभेला वादिराज जरीचा रुमाल बांधून आला. मी घराचे मालकीपत्र घेऊन गेले. बाळाचार्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, बसा." वादिराज बिचारा पेरू खाऊन परत आला. त्याने तेव्हापासून मला त्याबद्दल कधी टोचले नाही, हेही इथे लिहून ठेवते.

कलम ४. चार विरुद्ध चार झाले की माझे मत. कचेरी धारवाडला दिली तेव्हा मुलींना ग्रंथालयाचे दोन दिवस मिळाले. परीक्षा हुबळीला नेल्या तेव्हा वसतिगृहाला विहीर मिळाली. असे मी पंधरा वर्षे केले. लोक मला लबाड म्हणतात. म्हणोत. गोड बोलून मागितले असते तर चिंचोके हाती आले असते.

आता डिसेंबरात नवलूरला ठराव येणार आहे की स्त्रीप्रबोध बंद करून मुलींना विद्याविलासच्या वर्गांत बसवावे. धारवाडचे चौघे बाजूने. हुबळीचे चौघे विरुद्ध, मुलींच्या प्रेमाने नव्हे तर विद्याविलासची पटसंख्या वाढेल म्हणून. म्हणजे पुन्हा एका मतावर आले. आणि त्या वेळी मी असेन की नाही हे मला माहीत नाही. मला भीती वाटते. मरणाची वाटते त्याहून या सभेची जास्त वाटते.

कलम ५. घर वादिराजला दिले तर तो धारवाडकरांबरोबर जाईल, रोज त्यांच्याबरोबर फिरायला जातो. त्याचा मुलगा प्रभंजन याचे जुन्या हुबळीत कापडाचे दुकान आहे, तो हुबळीकरांबरोबर जाईल आणि माझे महाविद्यालय वाचेल. पण त्याला काही विचारले की म्हणतो, "नोडोण, आत्या." बघू या. सभेच्या सकाळी शेवटचा कोण भेटेल त्याचे मत तो देईल. मुलगा चांगला आहे. माझी मोत्यांची कुडी मी त्याची बायको कुसुमावती हिला देते.

कलम ६. म्हणून घर व त्याबरोबरची जागा मी हेमावती रामचंद्र हणमसागर हिला देते. ही माझी विद्यार्थिनी. वडील अळणावरला लाकडाच्या वखारीत होते. आता ती आमच्याकडे गणित शिकवते. माझ्याशी मोठ्याने वाद घालणारी एवढी एकच. मात्र अट अशी की, स्त्रीप्रबोध स्वतंत्र ठेवण्याच्या बाजूनेच तिने मंडळात मत द्यावे व तसे न दिल्यास घर प्रभंजनकडे जावे.

कलम ७. वरील कलम लिहून झाल्यावर आज सकाळी मी हेमावतीला बोलावून वाचून दाखवले. झालेले बोलणे लिहिते, कारण पुढची व्यवस्था त्यावर अवलंबून आहे.

ती म्हणाली, "मग घर नको, अक्का. प्रभंजन अण्णांनाच द्या."

मी म्हटले, "म्हणजे तू ठरावाच्या बाजूने?"

"हो. वसतिगृहातल्या आपल्या सुशीलाला डॉक्टर व्हायचंय. आपल्याकडे शास्त्राचा वर्ग आहे का? पंधरा वर्षं आपण ग्रंथालयाचे दिवस मोजतोय."

"तिथं तिला मागच्या बाकावर बसवतील. पोरं टिंगल करतील. ती घरी बसेल, मग काय करशील?"

"बसवतील. करतील. त्यासाठीच तर मंडळात कुणीतरी पाहिजे, अक्का. रिकाम्या महाविद्यालयाची राखण करायला नको."

मग तिचा तास होता, ती निघून गेली. मला राग आला. दुपारी जेवण गेले नाही. तिचे खरे असेल असे वाटते आणि तिचे खरे ठरले तर माझ्या मुलींचे काय होईल, हेही मनातून जात नाही. या घरात मी तीनशेहून अधिक मुली शिकवल्या. त्यांच्या बापांना मी शब्द दिला होता की इथे परपुरुषाची सावली पडणार नाही. त्या शब्दावर त्यांनी मुली पाठवल्या. तो शब्द मी कोणाच्या हाती देऊन जाऊ?

पण दुसरीही गोष्ट खरी आहे. पंधरा वर्षांत मला कोणीही मत कसे द्यावे हे सांगितले नाही असा एकही महिना गेला नाही. मी सर्वांचे ऐकले आणि मला वाटले तसे दिले. आता मीच एका बाईला खुर्ची द्यायची आणि मत काढून घ्यायचे, हे मला जमत नाही. कलम ६ मधील "मात्र" या शब्दापासून "जावे" या शब्दापर्यंतचा मजकूर मी रद्द करीत आहे. त्यावर आडवी रेघ मारून बाजूस सही केली आहे. खालची अक्षरे वाचता येतात, ती येऊ द्यावीत. मला काय हवे होते ते तिला कळलेले बरे.

घर व जागा हेमावतीला, विनाअट.

कलम ८. बाळाचार्य म्हणतात, मिळालेले घर नाकारताही येते. हे त्यांनी आज सांगितले नसते तर मला एक काळजी कमी झाली असती. हेमावतीने नाकारू नये, अशी माझी विनंती आहे. विनंती म्हणजे अट नव्हे, हे वकिलांनी तिला समजावून द्यावे. या पत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. करारपत्राच्या त्या मसुद्याची भरपाई म्हणून तरी करावी.

कलम ९. मी मिरजेहून परत आले तर हे पत्र पेटीत राहील, आणि डिसेंबरात नवलूरला मी स्वतः जाऊन ठरावाच्या विरुद्ध मत देईन. हेमावतीला हे निरोप पाठवून कळवले आहे. तिचा उलट निरोप आला की, "अक्का, परत या. पुढच्या सभेला ठराव पुन्हा आणू."

येणेप्रमाणे लिहिले ते वाचून पाहिले, खरे आहे.

सही: वेणूबाई कोम दत्तात्रेय मुळगुंद

आमच्या समक्ष सही केली, रद्द केलेल्या मजकुराशेजारची सहीही त्यांचीच:

साक्षीदार १. बाळाचार्य गुत्तल, वकील, धारवाड

साक्षीदार २. डॉक्टर गुरुराज कट्टी, धारवाड

(वादिराजला साक्षीदार केले नाही, कारण त्याला घंगाळ मिळत आहे. तो ओसरीवर बसून आहे आणि मघापासून रडतो आहे. वे.)

मुक्काम धारवाड, तारीख १४ नोव्हेंबर १९४६