पंख्याखाली वाळत ठेवलेली कार्डं

तू फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून पळतेय. पिल्लूचं ऑपरेशन उद्या नाही, आजच चार वाजता आहे. नर्सबाईंचा आत्ताच फोन आला.

वॉर्डातल्या नऊही पोरांना स्वतःच्या हातानं कार्ड दिल्याशिवाय आत जाणार नाही, असं आपली लेक सकाळपासून अडून बसली आहे. म्हणून तासाभरासाठी घरी आले होते. तिच्या हस्तकलेच्या खोक्यात उरलंसुरलं होतं ते सगळं संपवलं. लोकरीचे तुकडे, बटणं, टिकल्या, भेटवस्तूंचे जपून ठेवलेले चकचकीत कागदसुद्धा. तुझ्या निळ्या शर्टाचा खिसाही कापला. रागावू नकोस, कार्डांवरच्या आभाळाला दुसरं काही उरलं नव्हतं.

सहा कार्डं घेऊन जातेय. तीन टेबलावर पंख्याखाली आहेत, त्यांचा गोंद अजून ओला आहे. एकावर एक ठेवू नकोस, चिकटतील. मोठ्या ताटात आडवी मांडून आण.

आठ दिवस तू दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन परत फिरतोस, हे वॉचमनकाकांनी मला सांगितलंय. मी त्यावरून भांडणार नाही, तेवढं त्राणच उरलेलं नाही. पण आज मला एकटीला नाही रे जमणार. चारच्या आत वर ये.

काल ती तुझं विचारत होती. मी खरं तेच सांगून टाकलं, बाबा घाबरतो म्हणून. त्यावर म्हणाली, "मग त्याला सांग, मीपण घाबरते. दोघं मिळून घाबरू."