बाबांनी हात वर केला

मालेगाव (जि. वाशीम)
२४ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
शुभांगीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र भेटलं. मी बरी हाओ, पाय तेवढे सुजतात. तुमी वावरातून पाठवलेला हिरवागार सांबार सासूबाईनं जुडी जुडी करून अर्ध्या गल्लीत वाटला आन् व्याह्याची तारीफ सोताच आयकून घेतली.

पहिलं बाळंतपण माहेरीच, हे तं ठरलंच हाय. मायनं डिंकसुदा आणून ठेवला म्हणे. मंग गावात फटाकेबंदीचा ठराव झाल्याशिवाय तुले आणत नाही, हा हट्ट कायले? शेजारच्या हरीओमच्या वरातीत सुतळी बॉम्ब तुमच्या कानापाशी फुटला, तवापासून फोनवर माहा आवाज तुमाले आयकू येत नाही, याचं मलेबी लय वाईट वाटते. म्हणून तं लिहीत बसते. बाळाच्या कानाची तुमाले धास्ती हाय, समजते मले. पण गांधी जयंतीच्या ग्रामसभेत तावातावानं बोलू नका. बीपीची गोळी घेऊन जा.

हाय तशीच माया राहू द्या.
तुमची शुभांगी

*

४ ऑक्टोबर

चि. सौ. शुभांगीस,
माय गिरजाबाईचे अ. आ.

फोनवर सांगतलं असतं, पण माह्या तोंडाकडं पाहून तुह्या बाबाले समजलं असतं. म्हणून लिहून राह्यली.

सभेत बाबा चांगले बोलले. बैल बिथरतात, लहान लेकरं दचकतात, सगळं सांगतलं. मांगून पोट्टे म्हणत व्हते, ज्याले आयकूच येत नाही त्याले फटाक्याचा काय तरास? मंग सरपंचानं इचारलं, हा ठराव कोणाले नको? बाबाले वाटलं, कोणाले पायजे असं इचारलं. सगळ्याईच्या आंधी त्याईनंच हात वर केला. सारी सभा हसली. मांडणाराच नको म्हणते, असं म्हणून सरपंचानं पुढचा विषय घेतला.

लोकं हसून राह्यले पाहून बाबाबी हसले, पोरी. त्याईले वाटलं ठराव झाला, गाव खुश हाय. बायांमंधी मले पाहून हातानंच इचारलं, झालं? मी हो म्हणून मुंडकं हालवलं. दुसरं काही सुचलंच नाही मले.

त्याईले काही सांगू नको. तू ये. बाळाच्या कानात कापूस घालू.

जिवाले जप.
तुही माय

*

२४ ऑक्टोबर

चि. सौ. शुभांगीस,
बाबाचे अ. आ.

दिवाळी झाली. तुही माय रोज सांगते, गाव कसं चूप हाय, एक बॉम्ब नाही. मी उठाच्या आंधी तीच अंगणातले फटाक्याचे कागद झाडून टाकते. मी हो म्हणतो.

कान गेले, पण भूय हादरली का पायाले समजते. लक्ष्मीपूजनाले ओसरीत बसलो व्हतो, छातीत दणके बसून राह्यले व्हते. सभेचं तं मले दुसऱ्याच दिवशी समजलं. पोट्टे मले पाहून हात वर करून दाखवत व्हते.

मायले हे सांगू नको. ती एवढ्या जिवानं खोटं बोलते का माह्याच्यानं मोडवत नाही.

तू मातर येऊ नको. आता लग्नसराई लागन, रोज वराती राहतीन. बाळंतपण तिथंच कर. सासू पाठवत नाही असं मायले सांग. विहीणबाईचं नाव फुकट खराब होते, त्याईची माफी माग. माय शिव्या देईन, रडन. रडू दे.

बाळ झालं का मी मालेगावले येतो. त्याचं रडणं मले आयकू येणार नाही. रडत असलं तरी माह्या मांडीवर दे.

सांभाळून राह्य पोरी.
तुहा बाबा, रंगराव