अर्ध्या दिवसाचा समुद्र आणि दत्तूमामाची विहीर

प्रिय दत्तूमामा,

तुला जाऊन वर्ष होत आलं आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू होतास तेव्हा तरी कुठं लिहिली म्हणा. तुला वाचता यायचं नाही आणि मला एका जागी बसता यायचं नाही. आज बीडच्या स्टँडवर परळीची गाडी दोन तास लेट आहे, म्हणून बसलोय. कागदपण धड नाही. टूरचा कार्यक्रम छापलेला आहे, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहितोय.

मी धर्मापुरीला चाललोय, मामीकडे. तू गेल्यावर ती सुमीला घेऊन माहेरी गेली. तिनं तुझा फोटो भिंतीवर लावला नाही. पेटीत साड्यांखाली पालथा घालून ठेवलाय. कावून, ते तुला कोणी सांगितलं नसेल. सगळं गाव म्हणतं, दत्तू पिऊन विहिरीत उतरला आणि दम तुटून मेला. नऊ वर्षांपूर्वी तू सुमीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली होतीस. मामीला वाटतं, तू पोरीची शपथ मोडलीस.

तू मोडली नव्हतीस. हे दोघांनाच माहीत आहे, मला आणि तात्याला. आणि मी वर्षभर तोंड उघडलं नाही.

आता आधी टूरचं सांगतो. माझी सवय तुला माहीत आहे, गेवराईला निघालो तर वाटेत तीन गावं करून जाणार. पण ह्या वेळी ही टूर तुझ्या गोष्टीच्या वाटेतच आहे.

परवा मी थायलंडहून आलो. खरंच. तात्यानं नेलं. आपल्या गावचा तात्या, साठ एकरवाला, खताबियाण्याचं दुकानवाला. तुला "ये रे दत्त्या" म्हणायचा आणि तू हातातली भाकर ठेवून पळायचास, तोच. जो दुकानदार कंपनीचं औषध जास्त खपवतो त्याला कंपनी फिरवून आणते. तात्याच्या पोराचा पासपोर्ट अडकला. माझा तयार होता, दुबईला क्रेनवर जाणार होतो तेव्हाचा. दुबई झाली नाही, पासपोर्ट तेवढा राहिला. तात्या स्वतः घरी आला. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याच्या आत आला.

"चल बे अंकुश, जग बघून घे. तुझ्यावानी फिरस्त्यानं न्हाई बघायचं तर कोणी?"

कावून नेतोय ते मला कळत होतं. तरी गेलो. फुकट म्हटलं की माझे पाय आधी निघतात, डोकं मागून येतं.

कार्यक्रमात तिसऱ्या दिवशी लिहिलं होतं, "हाफ डे पार्टी बोट आणि स्नॉर्कलिंग". स्नॉर्कलिंग म्हणजे काय, तुला सांगतो. डोळ्यांवर काच बांधायची, तोंडात नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघायचे. बस्स. बुडी मारायची नाही. ह्यासाठी माणसं विमानानं जातात, मामा. आपल्याकडं म्हशी रोज करतात, त्यापण नळीशिवाय.

चाळीस दुकानदार होते. बीडचे, जालन्याचे, लातूरचे. सगळ्यांना पिवळे टीशर्ट, छातीवर हिरवा कोंब. वरून नारिंगी जाकिटं, बुडू नये म्हणून फुगवलेली. पोळ्याला सजवलेल्या बैलांसारखे दिसत होते, फक्त बैलाला थोडी लाज असते. बोट सुटायच्या आधीच गाणी लागली आणि सकाळी साडेआठला ही माणसं नाचायला उठली. जी दुकानात पाण्याचा तांब्या मागायलासुद्धा पोराला हाक मारतात, ती हात वर करून नाचत होती. फोटो काढायचे, गावाकडं पाठवायचे, मग परत नाचायचे. समुद्राकडं पाठ. चाळीसच्या चाळीस जणांची पाठ.

एक गेवराईचा जाडा दुकानदार होता. त्यानं कठड्यावरून दोनदा ओकून घेतलं आणि तोंड पुसत म्हणाला, "बोट लागली न्हाई आपल्याला, पित्त हाय." मग घरून आणलेले धपाटे सोडले. शेंगदाण्याची चटणीपण होती. एक धपाटा त्यानं माशांना टाकला. माशांनी तो लई आनंदानं खाल्ला. अक्कल असलेले तिथं तेवढेच होते.

तू मला पोहायला कसं शिकवलंस, आठवतं का? पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधायचास. चौथ्या दिवशी मला न सांगता दोरी सोडलीस आणि वर बसून तंबाखू मळत बसलास. मी बोंबललो, दोन घोट गिळले आणि काठाला आलो. "आला का? मग आता ये-जा कर," एवढंच म्हणालास. ह्या लोकांना तर अंगात जाकिटं असून एक पोरगी हाताला धरून उतरवत होती आणि सांगत होती, "भाईसाहब, नो जंप, स्लोली, स्लोली." तात्या तर शिडीची दोरी सोडायलाच तयार नव्हता. साठ एकरवाला.

पण तात्याला हसायचा मला काय अधिकार?

त्या दिवशीचं तुला माहीत आहे, पण मला एकदा लिहून बघायचंय. तात्याच्या विहिरीतली मोटार पाणी ओढत नव्हती. पाइपाच्या टोकाला, पार तळाला, लोखंडी फुटवाल असतो. त्यात गाळ, शेवाळ अडकलं की पाणी चढत नाही आणि मग दत्तूला बोलावणं. विहिरीतलं पाणी काळं. हात पुढं केला तर हात दिसत नाही. तू सगळं चाचपून करायचास, जसं मामी अंधारात चुलीजवळची काडेपेटी शोधते तसं.

आणि तुझा एक नेम होता. उतरायच्या आधी तू स्वतः मोटारीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचास आणि काठावर जो उभा असेल त्याच्या हातात द्यायचास. त्या दिवशी मी होतो. "हे मुठीत ठेव. देव मागायला आला तरी द्यायचं न्हाई," म्हणालास.

देव आला नाही. तात्या आला.

तू तिसऱ्यांदा खाली गेला होतास. अकराला शेतीची लाईट जाणार होती, कांदा पाण्यावर आलेला. तात्या म्हणाला, "बुडबुडे आले की रं. निघाला गाळ. दे फ्यूज, एकदा चालू करून बघू."

"मामा खाली हाय, तात्या."

"आरं निघालाच तो वर. लाईट गेल्यावर काय तुझा मामा तोंडानं पाणी ओढणार का? दे इकडं."

मी दिले. तात्याला नाही कसं म्हणायचं, हे आपल्या घरात कोणी कोणाला शिकवलंच नाही. तूपण नाही शिकवलंस.

मोटार एकदा घरघरली. ती जुनी मोटार, अंगाला करंट मारायची, सगळ्यांना माहीत होतं. करंट पाइपातून पाण्यात उतरला. पुढचं मी लिहीत नाही.

तू वर तरंगलास तेव्हा तात्याचे हात माझ्याआधी चालू झाले. त्यानं फ्यूज उपटले, पेटी बंद केली आणि माझा दंड धरला. "पिऊन उतरला म्हणायचं. न्हाईतर तू बी आत आन् मी बी आत. फ्यूज तुझ्या हातात होते, ध्यानात ठेव." लोक आले तोवर गोष्ट तयार होती. लोकांनी मान हलवली, कारण पूर्वी थंडीत तू दोन घोट घेऊनच उतरायचास. कशाला फाडाफाडी, म्हणाले. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. मामी रडत नव्हती. ती मला एवढंच म्हणाली, "तू व्हतास ना तिथं? खरं पिला व्हता का?"

मी खाली बघितलं. तिनं ते हो समजलं.

आता परत बोटीवर ये. जाडा दुकानदार तात्याला विचारत होता, "तुमी तर विहिरीवाले, पवता येत न्हाई?"

तात्याच्या हातात बिअर होती. "आपल्याला कावून यायला पाहिजे? आपल्याकडं माणूस होता त्याच्यासाठी. दत्तू बुड्या. चार-चार मिनटं खाली राहायचा गडी. गेला आता. पिऊन उतरायचा की. इचारा ह्याला, ह्याचाच मामा व्हता."

"खरं का रं?" जाड्यानं विचारलं.

"हां," मी म्हणालो.

गावात मी नुसता गप्प होतो. तिथं, परदेशात, कोणी दंड धरलेला नसताना, कोणी दम दिलेला नसताना, मी तोंडानं हां म्हणालो. जाड्यानं "च्च" केलं आणि माझ्या हातावर अननसाची फोड ठेवली. ती मी खाल्ली. मामा, गोड लागली मला.

मग मी पाण्यात उतरलो. काच बांधून खाली बघितलं तर सगळं दिसत होतं. दगड, निळे मासे, वाळूवर माझी सावली. इतकं लख्ख पाणी आणि त्यात करायचं काहीच नाही. तुला अशा पाण्यात काम मिळालं असतं तर? हे आपलं माझ्या मनात आलं. लगेच स्वतःची किळस आली. तुझ्यासाठी हळहळणारा मी कोण?

परत निघायची वेळ झाली तर बोटीचा नांगर खाली दगडात अडकला. बोटीवर एक माणूस होता, तुझ्याएवढाच वयानं, तसाच वाळका, गुडघे पुढं आलेले. त्यानं दोनदा दोरी ओढून बघितली. मग तो चालवणाऱ्याजवळ गेला, इंजिनातून किल्ली काढली, सुतळीत ओवून स्वतःच्या गळ्यात घातली आणि पाण्यात उतरला. काच नाही, नळी नाही. सरळ खाली.

इंजिन बंद, म्हणून गाणी बंद. तात्याचं डोकं फिरलं. "ए, स्टार्ट करो ना. एक झटका मारो, निकल जायेगा. खाना ठंडा हो रहा." कंपनीचा साहेबपण घड्याळ दाखवायला लागला. चालवणाऱ्यानं रिकामे हात वर केले, खाली पाण्याकडं बोट दाखवलं आणि हसला. किल्ली खाली आहे. मागा कोणाला मागायची ती.

चाळीस दुकानदार, एक साहेब, आणि साठ एकरवाला तात्या. एका सुतळीतल्या किल्लीपुढं कोणाचं काही चालेना. सगळे पाण्याकडं बघत उभे राहिले, तो वर येईपर्यंत. तो आला, बोटीला धरून खोकला, थुंकला, चढला, आणि मगच किल्ली परत इंजिनात गेली.

तू तसं कावून केलं नाहीस, मामा? फ्यूज पिशवीत घालून कमरेला बांधता आले असते. वरच्या फांदीला टांगता आले असते. माझ्या मुठीत कावून दिलेस? एका जागी दोन महिने न टिकणारा मी, शाळा सोडलेला, नोकऱ्या सोडलेला. तुला माणूस एवढाही ओळखता आला नाही? तुझ्यावर रागावायला मला दुसरं काही सापडत नाही, म्हणून ह्याच्यावर रागावतो.

किनाऱ्यावर उतरल्यावर तात्या वाळूत चपला शोधत होता. मी म्हणालो, "तात्या, मी मामीला सांगणार हाय. फ्यूजचं."

"उनानं डोकं फिरलं का बे?" त्यानं इकडंतिकडं बघितलं. "फ्यूज दिले कोणी? तू. मग आधी तू आत जाशील."

"जाईन."

"आन् मामी तुला दारात उभं करंल व्हय रं? नवऱ्याला मारणाऱ्याला?"

एक चप्पल हातात, एक पायात, असा तो उभा होता. ह्या माणसानं आयुष्यात विचारलेला हा एकच खरा प्रश्न, आणि मला उत्तर आलं नाही. विमानात आलं नाही, इथं स्टँडवरही येत नाहीये. पण तो प्रश्न माझा आहे, मामीचा नाही. तिनं वर्षभर माझ्या भीतीपायी तुला पालथं घालून ठेवलंय.

परळीची गाडी लागली. कंडक्टर पाटी बदलतोय, म्हणून उरकतो.

मामा, शब्द देतो. माझ्या शब्दात किती दम आहे ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक, तरी देतो. मी सुमीला समोर बसवून सांगेन, कारण शपथ तिच्या डोक्यावरची होती. आधी एवढंच म्हणेन, "मामा पिला नव्हता." आणि थांबेन. त्या दोघींना ते पुरतं ऐकू देईन, पाहिजे तेवढा वेळ. उलटं केलं, फ्यूजचं आधी सांगितलं, तर मामी मला हाकलेल आणि तुझं ऐकायचं राहून जाईल. म्हणून तुझं पहिलं, माझं नंतर. मग ती काय करील ते करील. तिथून उठेन तो पोलिसांत जबाब लिहून द्यायला जाईन, आणि ह्या एका वेळी वाटेत दुसरं गाव करणार नाही.

तुझा भाचा,
अंकुश